न फोडता सांगणारे मामा

कुठलीही वस्तू न उघडता तिच्या आत काय आहे हे सांगणारा माणूस साऱ्या अमेरिकेत एकच, आणि तो माझ्या बायकोचा मामा. जन्मभर रेडिऑलॉजिस्ट म्हणून अंधाऱ्या खोलीत बसून त्यांनी लोकांची फुफ्फुसं, मूत्रपिंडं आणि गुडघे पाहिले. त्या गुडघ्यांचे मालक मात्र त्यांना क्वचितच दिसले. निवृत्त होऊन ते आमच्या घराजवळच्या एडिसन गावात राहायला आले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. गणपतीत पानात वाढलेला उकडीचा मोदक ते दिव्यासमोर धरून फिरवतात आणि "डाव्या बाजूला सारण कमी आहे," असा निर्णय देतात. "अहो, खा आधी!" म्हणून मामी ओरडतात. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानात ते नारळ कानाशी धरून हलवायला लागले, की आजूबाजूच्या बायका आपापले नारळ घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहतात. "पाणी भरपूर, खोबरं पातळ," मामा सांगतात आणि लगेच जोडतात, "खात्री मात्र फोडल्यावरच." वाढदिवसाची भेट आल्या आल्या उघडणं त्यांना रानटीपणाचं वाटतं. आम्ही दिलेला स्वेटर कित्येक दिवस टेबलावर त्यांच्या भाषेत 'अंडर ऑब्झर्वेशन' पडून होता.

अशा माणसाची आणि इजिप्तच्या पिरॅमिडची गाठ पडणं हे विधिलिखितच म्हणायचं. शास्त्रज्ञांनी एकही दगड न हलवता पिरॅमिडच्या पोटात मोठी पोकळी शोधली हे वाचल्यापासून मामा त्याच्याकडे आपला पेशंट म्हणूनच पाहतात. आकाशातून म्हणे म्यूऑन नावाचे अतिसूक्ष्म कण अखंड बरसत असतात. ते दगडातूनही आरपार जातात. फक्त जाड दगडात बरेचसे अडकतात आणि पोकळी असेल तिथून जास्त निसटतात. त्यांना टिपणाऱ्या प्लेटा आत मांडायच्या आणि महिनोन्‌महिने गप्प बसून राहायचं, की चित्र उमटतं. "आत्ता तुमच्यातूनही जातायत, जावईबापू," असं मामा म्हणाले तेव्हा मी उगाचच शर्टाची बटणं चाचपली. ते बोलत असतात तोवर मला सगळं समजतं. गाडी पिस्कॅटवेला आमच्या घरी पोचेपर्यंत डोक्यात काहीही उरलेलं नसतं.

एकदा आमच्याकडच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांनी ढोकळ्यांचा पिरॅमिड रचला, मध्ये पोकळी ठेवली आणि वरून फोडणी ओतली. मोहरी म्हणजे म्यूऑन, असं समजायचं होतं. मोहरी टेबलभर झाली, दोन दाणे माझ्या बॉसच्या बायकोच्या साडीवर गेले, आणि यातून नक्की काय सिद्ध झालं हे मला आजतागायत उमगलेलं नाही. "आजोबा, इज देअर अ ममी इनसाइड?" माझ्या मुलीने विचारलं. "वी डोन्ट नो, बाळा. दॅट्स द ब्यूटी!" मामा म्हणाले. मग त्या पोकळीत खजिना असेल, थडगं असेल की वजन हलकं करायला गवंड्यांनी सोडलेली नुसतीच जागा, यावर वाद पेटला आणि तो मिटेपर्यंत पाहुण्यांनी पिरॅमिड खाऊन टाकला.

गेल्या हिवाळ्यात मामांचा खोकला हटेना. स्कॅन केला, तर फुफ्फुसात एक डाग दिसला. डॉक्टर म्हणाले, सुईने तुकडा काढून तपासू. मामांनी स्वतःचा स्कॅन स्वतःच पाहिला, "थोडं थांबून पुन्हा बघू," असं डॉक्टरांनाच सुनावलं आणि ते पिरॅमिडकडे वळले. मामींचा मला फोन आला. "जावईबापू, तुमचं ऐकतील ते. बायॉप्सी कॅन्सल केलीय त्यांनी. समजवा ना जरा!" माझं आजवर घरात कोणीही ऐकलेलं नाही, तरी मी गेलो.

मी डागाचा विषय काढला की मामा पोकळीचा काढत. "एवढा मोठा पिरॅमिड! घाई करून भोक पाडतंय का कोणी? थांबलेत ना सगळे?" तासाभरात माझा असा काही गोंधळ उडाला, की भोक न पाडणंच कसं शहाणपणाचं हे मीच मामींना सांगून बसलो. मामींनी जावयापुढचा चहा उचलून नेला. तेव्हा कुठे मला सुचलं. "पण मामा, नारळाच्या बाबतीत तर तुम्हीच म्हणता, खात्री फोडल्यावरच."

मामांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "नारळाला बायको नसते, जावईबापू. कळलं नाहीये तोवर ती माझ्यावर ओरडते तरी. एकदा कळलं, की नुसती बघत बसेल माझ्याकडे."

मामी चहा परत घेऊन दारात उभ्या होत्या. "मग आत्ता काय करतेय मी?" त्या म्हणाल्या. "रात्र रात्र तुमचा श्वास ऐकत बसते. फोन करा डॉक्टरांना." मामांनी निमूटपणे फोन केला.

बायॉप्सीच्या दिवशी मीच ड्राइव्ह केलं. मामी मागे बसल्या होत्या. वाटेभर मामांनी पिरॅमिडचं नाव काढलं नाही आणि मला ते मुळीच आवडलं नाही. हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे नाड्या असलेला गाउन घालून पलंगावर बसवलं. मामांचे पाय इतके बारीक आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मला हा माणूस किती हवा आहे, हे त्या पायांकडे बघताना एकदम कळलं. तरुण नर्सने सगळं नीट समजावून सांगितलं आणि विचारलं, "एनी क्वेश्चन्स, डॉक्टर?" मी मनात म्हटलं, आता या पोरीची काही लवकर सुटका नाही.

मामांनी मामींचा हात घट्ट धरला होता. अर्धं आयुष्य या देशात इंग्रजीतून रिपोर्ट देण्यात घालवलेले मामा नर्सकडे पाहून म्हणाले, "दुखेल का हो?"

तिला काही कळलं नाही. ती माझ्याकडे पाहू लागली. रोज ऑफिसात दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या मला त्या एवढ्याशा वाक्याचं इंग्रजी काही केल्या सांगता येईना.