कच्च्या मातीची भिंत

साक्री तालुक्यातल्या त्या गावात लोटन आबांच्या भट्टीची वीट न लागलेलं पक्कं घर शोधावं लागलं असतं. गुडघे थकले तशी त्यांनी भट्टी बंद केली, पण विटेचा अभिमान तसाच राहिला. म्हणून मुलाने, हितेंद्रने, नवं घर न भाजलेल्या मातीच्या ब्लॉकांचं बांधायचं ठरवलं, तेव्हा आबांच्या मनात पहिलं हेच आलं की पोराच्या डोक्यात हे भरवलं कोणी?

भरवणारी धुळ्याहून आली. पुनम नावाची, घरांचे आराखडे काढणारी. तिने शेतातली माती काचेच्या बरणीत घातली, पाणी ओतून हलवली आणि वाळू-चिकणमातीचे थर बसायची वाट बघत राहिली. हिचं ब्लॉक पाडायच्या मशीनवाल्याशी साटंलोटं असणार, असं आबांनी तिथेच धरून टाकलं.

"थोडं सिमेंट घालून माती मशीनमध्ये दाबायची, आबा," ती म्हणाली. "भाजायची नाही. लाकूड नाही, कोळसा नाही. आणि भिंती उन्हाळ्यात लवकर तापत नाहीत."

"न भाजता," एवढंच आबा म्हणाले.

पण त्यांना आतून खाणारा संशय वेगळाच होता. त्यांच्या बायकोला, भिकुबाईला, कितीतरी वर्षांपासून दमा होता, आणि भट्टी घराच्या मागेच धुमसत असायची. पोराने कधी शब्द काढला नव्हता. आता त्याला भाजलेली वीटच नको झाली, यातून तो काय सांगतोय?

ब्लॉक पाडून झाले. त्यांच्यावर ओली पोती टाकून तीन आठवडे पाणी मारायचं काम मजुरीला आलेल्या ताईबाईकडे होतं. हितेंद्र दिवसभर पिंपळनेरला शाळेत शिकवायला जायचा. आबा मात्र निंबाखाली खाट टाकून पहारा देत. ताईबाईने पाइप उचलला की सगळी माती वाहून जाणार, या धास्तीने त्यांचा जीव वरखाली होई. शेवटी ते उठलेच.

"ताईबाई, पानी मारू नको. कच्ची माटी शे, बठ्ठी वाही जाई."

ताईबाई घुटमळली. पण मालकाच्या बापापुढे काय बोलणार? तिने पाइप खाली ठेवला. पोती वाळून कडक झाली.

मागची भिंत छातीएवढी आली, तेव्हा आबांनी नखाने खरवडून पाहिलं. पिठासारखी माती भुरभुरली. त्यांनी हितेंद्रला बोलावलं, पुनमला बोलावणं धाडलं, आणि गवंड्यांच्या देखत म्हणाले, "सिमेंट कमी घातलंय. कुठे गेलं, ते हिला विचारा."

पुनमचा चेहरा उतरला. तिने एक ब्लॉक काढून फोडला, आतली माती बोटांत चोळली. "सिमेंट आहे. पण याला पाणीच मिळालेलं नाही," ती म्हणाली आणि ताईबाईकडे वळली. ताईबाई पदराचं टोक चाचपत जमिनीकडे बघत राहिली. आपलं काम जाणार हे तिला दिसत होतं, तरी तिने आबांचं नाव घेतलं नाही.

आबांना ते सोसवेना. "तिला नका बोलू. मीच तिला थांबवलं होतं," ते म्हणाले.

भिंत उतरवावी लागली. नवे ब्लॉक पाडले, तेव्हा पाइप आबांनी स्वतः हातात घेतला. पाणी मारून झालं की पोत्याचं टोक उचलून बघायचे, कुठे कड विरघळतेय का. विरघळत नव्हती.

असंच एका सकाळी त्यांनी हितेंद्रला विचारलं, "मनी भट्टीमुये तुनी मायले दमा व्हयना, आसं वाटस ना तुले?"

हितेंद्रने मान वळवली नाही. "वाटस, आबा."

आबांनी पाणी मारणं थांबवलं नाही.

वैशाखात मंडळी नव्या घरात आली. भिकुबाईचा दमा गेला नाही, पण दुपारी तिला भिंतीलगत डोळा लागू लागला. लोक विचारत, मातीचं घर कसं आहे? आबा म्हणत, एक पावसाळा जाऊ द्या. पावसाळा गेला. आबांनी एकेक कोपरा हाताने चाचपला. कुठेही ओल नव्हती.

"यंदा पाऊसच कमी होता," ते म्हणाले.