एक दाता डावीकडे

गॅरेजवाल्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण तिरकं काही दिसलं की त्याच्या मस्तकात तिडीक जायची. घरी बायको आरशामागे वरच्या बाजूला कागदाची घडी खोचून तो पुढे झुकवायची. हा रोज ती घडी काढून आरसा भिंतीला सपाट करायचा.

निवृत्त मास्तरीणबाईंनी आपली जुनी गाडी ब्रेकसाठी आणली. गाडी नाकासमोर चालायची, पण स्टिअरिंग डावीकडे कललेलं. ओळंब्याला राहवलं नाही. त्याने नट सोडून स्टिअरिंग दातेरी शाफ्टवरून उपसलं आणि एक दाता फिरवून सरळ बसवलं.

दुसऱ्या दिवशी बाई हजर. "ह्यात नाक खुपसायला कोणी सांगितलं होतं? आमच्या ह्यांनी ते मुद्दाम तसं बसवलं होतं."

ओळंब्याला रागापेक्षा कुतूहलच जास्त. "मुद्दाम? ते का?"

"माझ्या जागी बसून बघा."

तो बसला आणि बाईंच्या उंचीइतका खाली घसरला. स्टिअरिंगची आडवी पट्टी नेमकी वेगाच्या काट्यावर आली होती. त्याने ते पुन्हा एक दाता तिरकं केलं.

संध्याकाळी घरी तो सकाळीच सपाट केलेल्या आरशासमोर गेला आणि बायकोच्या उंचीइतका वाकला. आरशात नुसतं कपाळ दिसलं.