टँकर म्हणजे पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावात टँकर या शब्दाचा एकच अर्थ होता, पाणी. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पुढाऱ्यांच्या गळ्यातले हार अजून सुकले नव्हते, आणि नव्या जिल्ह्याकडून आमच्या पदरात पडला तो हा सरकारी टँकर. तो गावच्या विहिरीत पाणी सोडायचा. आधी गाव भरून घ्यायचं, मग आमची बौद्ध वस्ती. आमच्या वाट्याला बहुतेक वेळा गढूळ तळ यायचा. म्हणून टँकर आला म्हटलं की आमच्या बाया हातातलं काम टाकून धावत सुटत. माझी माय सगळ्यांच्या पुढं असायची. पायांनी चपळ आणि तोंडानं फाटकी. तिला मागं ढकलायची कोणाची छाती होत नसे.

त्या दुपारी नांदेडच्या रस्त्यावर, वस्तीच्या वरच्या वळणाला धाडकन आवाज झाला. थोड्या वेळानं एक परका, उतारवयाचा माणूस बांधावरून धडपडत खाली येताना दिसला. कपाळ फुटलेलं, सदरा रक्तानं भरलेला. तो एकच शब्द ओरडत होता, "पानी! पानी!"

त्याच्या पाठीमागं उलटलेल्या टँकरचं पोट दिसत होतं. वस्तीतून कोणीतरी ओरडलं, "टँकर पलटी झालाय गं! समदं पाणी वाया चाललंय!"

एवढं पुरे होतं. मायनं तांब्याची घागर उचलली आणि माझ्या चुलतीला म्हणाली, "चल गं, आज आपला नंबर पहिला हाय." मी तेव्हा दहावीत होते. कळशी घेऊन मीही त्यांच्या मागं पळाले.

रस्त्याकडेच्या चरातून काहीतरी चमकत वाहत होतं. माय चरात उतरली, घोट्यापर्यंत भिजली आणि थबकली. मग वळून तिनं हात वर केले. "माघारी फिरा! पाणी न्हाई हे! पेट्रोलचा वास यायलाय!" चुलती तिला वर ओढायला वाकली. मी अजून बांधावर होते.

ठिणगी कुठून पडली ते कोणालाच माहीत नाही. कोणी बॅटरीची म्हणतं, कोणी पत्र्याची. मी एवढंच सांगते की चर एकदम पेटला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यात माझी माय उभी होती. तिचं लुगडं आधी पेटलं, मग केस. ती चर सोडून पळाली तर आग तिच्यासोबत पळाली. बायका किंचाळत होत्या, पुरुष माती फेकत होते, कारण गावात आग विझवायला हंडाभर पाणी नव्हतं. चुलतीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले, तरी तिनं मायला जमिनीवर पाडून लोळवलं. जळल्या मांसाचा तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. मी मटण खात नाही ते त्या दिवसापासून. लोक धर्माचं कारण समजतात, समजू देत.

तो परका माणूस टँकरचा ड्रायव्हर होता. एका बाभळीखाली बसून तो अजूनही पाणीच मागत होता. माझा बाप शेतातून पळत आला, त्यानं मायला बघितलं आणि मग त्या माणसाला. जवळच टँकरमधून उडालेली, चाकं खोलायची लोखंडी टॉमी पडली होती. बापानं ती उचलली. "पाणी म्हणतोस? पाणी म्हणतोस?" असं ओरडत तो मारत राहिला. ड्रायव्हरनं डोक्यावर हात धरला होता, तो हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. मला त्या घटकेला बरं वाटलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. मागून आलेल्या लोकांनी लाथा घातल्या. पोलीस आले तेव्हा कुठं तो जिवंत सुटला.

मायला नांदेडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. भाजलेल्यांना तिथं केळीच्या पानांवर निजवत, म्हणजे कातडी चादरीला चिकटत नाही. बाप रोज अर्धापूरहून कोवळी पानं आणायचा. इकडं प्यायला पाणी नाही आणि तिकडं केळीचे हिरवेगार मळे, बघून त्याचं डोकं फिरायचं. एका सकाळी तो पानांचा भारा घेऊन आला तेव्हा खाट रिकामी होती. त्यानं तो भारा व्हरांड्यातच पायाखाली तुडवून तुडवून चिखल केला.

त्यानंतर गावात, बाजारात एकच बोली झाली: पेट्रोल लुटायला गेल्या आणि जळल्या. टँकरचा मालक लांबच्या शहरातला. लातूरच्या नव्या कोर्टात त्याच्या वकिलानं तेच लेखी दिलं. गाडी उलटली तिथं अपघात संपला; पुढं जे झालं ते चोरीच्या नादात, मालकाचा संबंध नाही. बाप आमच्या वकिलाला म्हणाला, "पैशे देऊ द्या न्हाईतर न देऊ द्या. तिला चोर म्हणलेत, ते पुसलं पायजे."

आमचा वकील तरुण होता, पण धीराचा. तो म्हणाला, "मामा, ड्रायव्हर चुकला का बाई चुकली, हा प्रश्नच मागं पडतो. असली जाळणारी वस्तू रस्त्यानं न्यायची, त्यावर कमवायचं, मग ती सांडली, पेटली तर भरून द्यायचं त्यानंच. कायदा आता तिकडंच चाललाय." मग म्हणाला, "पण चोरीचं बालंट आहे. ते साक्षीनंच जाईल."

साक्षीच्या दिवशी चुलती उभी राहिली. बोटं एकमेकांना चिकटलेली, पदर दातांत धरलेला. मालकाच्या वकिलानं विचारलं, "घागर घेऊन कशाला गेला होता?"

"टँकरला."

"म्हणजे टँकरमधलं भरायला. कबूल करता ना?"

"हाव."

वकील हसला. चुलतीच्या तोंडातला पदर सुटला. "अय साहेब, हसू नगं! पिण्याच्या घागरीत पेट्रोल भरतंय का कुणी? आमच्या गावात टँकर म्हंजे पाणी! लई हौस आली होती का आमाला जळायची?" न्यायाधीशांनी तिला गप्प केलं. ते दुसऱ्या मुलखातले, तिची बोली त्यांना किती कळली कोण जाणे.

मग मालकाच्या बाजूनं ड्रायव्हर आला. त्याला काय पढवलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा डावा हात काटकीसारखा वाकडा जुळला होता. त्यानं माझ्या बापाकडं बघितलं आणि बापानं मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आता हा सूड घेणार.

"मैंने पानी माँगा था, साहब," ड्रायव्हर म्हणाला. "पीने को. ये लोग समझे पानी का टँकर है. मेरे ही चिल्लाने पे आई थीं औरतें. चोरी करने नहीं आई थीं."

मालकाच्या वकिलानं त्याला तिथंच खोटा ठरवायचा प्रयत्न केला, पण शब्द लिहून झाले होते. निकाल पुढं आमच्या बाजूनं लागला. मालक आणि त्याच्या विमा कंपनीनं भरपाई दिली. बाया पाण्यासाठी गेल्या होत्या, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. मालक स्वतः मात्र शेवटपर्यंत एकदाही दिसला नाही, आणि त्याचा मला आजही संताप येतो. आम्ही ज्याला फोडून काढलं तो होता पगारी माणूस.

त्या दिवशी साक्ष झाल्यावर ड्रायव्हर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली एकटाच बसला होता. मालकाच्या माणसांनी त्याला तिथंच सोडून दिलं होतं. चुलतीनं वकिलाला दाखवायला म्हणून मायची तीच घागर सोबत आणली होती, वाटेत प्यायला पाणी भरून. बापानं ती उचलली आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. ड्रायव्हरनं ओंजळ पुढं केली, पण डावा हात उजव्याला जुळेना. बापानं ओतलेलं पाणी फटीतून सगळं मातीत गेलं. त्यानं पुन्हा ओतलं, पुन्हा गेलं.

मग बापानं घागर चुलतीच्या हातात दिली, खाली बसला, आणि आपल्याच दोन्ही हातांची ओंजळ करून त्याच्या तोंडाशी धरली. चुलती पाणी ओतत राहिली आणि तो पीत राहिला.