चार पेनांनी केलेल्या खुणा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मग तुम्हालाच का? तुम्ही माझा चेहरा पाहिलेला नाही, म्हणून असेल.

माझ्या चेहऱ्याची उजवी बाजू नऊ वर्षांपूर्वी लुळी पडली. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून आपोआप गळलं, एवढीच सुरुवात. बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं, असं डॉक्टर म्हणाले. मी बहुतेकांतला निघालो नाही. मग करंट झाले, सुया झाल्या. इथे उत्तरेत, आमच्या शहराच्या चौक भागातल्या एका हकीमसाहेबांचं तेल झालं, बाटलीवर त्यांच्या आजोबांचा पदकांसकट फोटो होता. चेहऱ्यात थोडा जीव आला, पण भलत्या वाटेनं — हसलो की उजवा डोळा मिटायचा, जेवायला बसलो की त्यातून पाणी यायचं. पुरीभाजी खाताना रडणारा माणूस म्हणून मी कॉलनीत प्रसिद्ध होतो.

तेव्हा सबा मॅडम भेटल्या. छावणीच्या बाजूला दोन खोल्यांत त्यांचं फिजिओथेरपीचं क्लिनिक होतं. भिंतीवर एकही प्रमाणपत्र टांगलेलं नव्हतं, म्हणून मी आत गेलो. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "पूरा ठीक तो नहीं होगा, साहब. लेकिन आँख खुली रखकर मुस्कुरा लेंगे." इतक्या वर्षांत इतकं कमी आश्वासन मला कुणी दिलं नव्हतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला — हे लक्षात ठेवा. मला शंका होती म्हणून पुढचं घडलं, असं नाही.

व्यायाम सोपा होता. आरशासमोर वीस मिनिटं बसायचं, दिवसातून दोनदा, वर्षभर. ओठाचा कोपरा किंचित उचलायचा आणि डोळा मिटत नाही ना, ते बघायचं. मग वहीत खूण करायची.

मी चार दिवस बसलो.

लोक बघतात, त्याचं मला काही वाटत नव्हतं. लोकांसमोर मी स्वतःची चेष्टा करू शकतो, ते माझं जुनं कसब आहे. पण चेष्टेला समोर कुणीतरी लागतं. आरशात कोण होतं? पाचव्या दिवशी बाथरूमचं दार लावून मी आरशाकडे पाठ केली, स्टुलावर बसलो आणि वर्तमानपत्र उघडलं. बाहेर बायकोनं टीव्हीचा आवाज कमी केला — मला व्यत्यय नको म्हणून. हे वर्षभर चाललं.

आणि वही? मी बँकेच्या तपासणी विभागातून निवृत्त झालो. शाखांमधलं आग विझवण्याच्या नळकांड्यांचं खोटं रजिस्टर मी एका नजरेत ओळखायचो — बारा महिन्यांच्या बारा सह्या, एकाच दुपारी, एकाच शाईनं. त्यावर मी बोचरे शेरे मारत असे. आता दर रविवारी मी आठवड्याच्या चौदा खुणा चार वेगवेगळ्या पेनांनी करू लागलो. एखादा दिवस मुद्दाम कोरा सोडायचो. पूर्ण भरलेल्या रजिस्टरवर कोण विश्वास ठेवतं?

सबा मॅडम वही बघायच्या, मग चेहरा बघायच्या, मग पुन्हा वही. "मुझसे ही कहीं चूक हो रही है," एकदा त्या म्हणाल्या. व्यायाम बदलले. दिल्लीतल्या कुणाला तरी फोन करून विचारलं. मी नव्या व्यायामांच्याही खुणा करू लागलो.

वर्षाच्या शेवटी त्यांनी पेशंटांचा मेळावा घेतला. समई होती, ती पंख्यानं दोनदा विझली. प्रमुख पाहुणे हास्याचं महत्त्व या विषयावर अर्धा तास न हसता बोलले. मग अनुभव सांगायला मला बोलावलं. असला थाटमाट समोर आला की माझी जीभ आवरत नाही. मी म्हणालो, "सालभर किया, दिन में दो बार. नतीजा सामने है — बायीं तरफ़ आप सबका शुक्रिया अदा कर रही है, दायीं तरफ़ मुख्य अतिथि की तरह बस बैठी है."

हशा पिकला. सबा मॅडमही हसल्या. थोड्या उशिरानं.

मेळाव्यात वैशाली होती. साताऱ्याची, नवरा हवाई दलात, शहराबाहेरच्या बख्शी का तालाबच्या तळावर. कानाच्या ऑपरेशननंतर तिच्या चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली होती. व्यायामाचा तिचा दुसरा महिना चालू होता. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, बरं झालं तुम्ही खरं बोललात. मी उगाच आशा लावून बसले होते."

तिथे एक वाक्य पुरलं असतं. मी विचारलं, "चहा घेतलास का?"

तिनं व्यायाम सोडला. त्याला चार वर्षं झाली. तिचा डोळा आजही हसताना मिटतो.

हे इथेच संपलं असतं, तर कदाचित मी लिहिलंही नसतं. गेल्या महिन्यात तिच्या मुलीच्या वाढदिवसाला आम्ही गेलो होतो. "मम्मी, केक कब काटेंगे?" मुलगी ओरडत होती, तेवढ्यात वैशालीला फोन आला. छावणीतली कुणी मराठी मुलगी, आठ महिन्यांपूर्वी तोंड वाकडं झालेली. तिला सबा मॅडमचं नाव कळलं होतं, जावं की नाही ते विचारत होती.

"अगं, आमच्याकडे काका आहेत ना, त्यांनी वर्षभर केलंय," वैशाली म्हणाली. "थांब, त्यांनाच देते."

फोन माझ्या हातात आला. पलीकडच्या मुलीला 'प' आणि 'ब' नीट म्हणता येत नव्हते. मी ते लगेच ओळखलं. मीही तसाच बोलतो. तिनं विचारलं, खरंच काही उपयोग होत नाही का?

वैशाली समोर उभी होती. माझ्याकडे बघून हसत होती — तोंडाच्या एका बाजूवर हात धरून, आम्ही सगळे धरतो तसा.

"वर्षभर केलं," मी म्हणालो. "दिवसातून दोनदा."

"बरं झालं विचारलं," फोनवरची मुलगी म्हणाली.

त्या मुलीचा नंबर वैशालीकडे आहे. मी तो मागितलेला नाही.