घोड्यावर जुळलेली नडगी

हाडं बसवण्यात कनिशाय आपांचा हात धरणारं आमच्या नारीन खोऱ्यात कुणी नव्हतं. लहानपणी त्यांच्या आजीने मडकं फोडून पोत्यात भरलं होतं आणि वरून चाचपत खापऱ्या जुळवायला लावल्या होत्या. रोगी विव्हळला की आपांचं उत्तर ठरलेलं: "जुळेल. हाडाला दुसरं येतं काय?"

एका उन्हाळ्यात आपा घोड्या दोहायला वर कुरणावर गेल्या आणि खाली त्यांच्या नवऱ्याची, असानकुलकाकांची, नडगी मोडली. फळ्या बांधल्या मी, त्यांच्या शेजाऱ्याने. दहाव्या दिवशी काका म्हणाले, "पायी चालणारा कसला माणूस?" मीच त्यांना रोज खोगिरावर चढवलं. आम्हा दोघांची अक्कल तेवढीच.

दोन महिन्यांनी आपा परतल्या, तोवर नडगी घोड्याच्या पोटाच्या गोलाईला धरून वाकडी जुळली होती. खोगिरावर पाय चपखल बसे. जमिनीवर दोन पावलांत काका भिंत शोधत.

"पुन्हा मोडावी लागेल," आपा म्हणाल्या.

"घोड्यावर माझं काही अडत नाही."

"मग परसाकडेही घोड्यावरूनच जा."

मी हसलो. आपांनी माझ्याकडे पाहिलं.

काकांनी सत्तरी ओलांडली होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "परत जुळेल ना?"

आपा नडगीवरून अंगठा फिरवत राहिल्या. "माहीत नाही. या वयात हाडं रुसतात. नाही जुळलं तर घोड्यावर बसणंही सुटेल."

"चाळीस वर्षं अख्ख्या गावाला 'जुळेल' सांगतेस, आणि मला 'माहीत नाही'?"

"त्यांच्याबरोबर मला दिवस काढायचे नव्हते."

काकांनी चाबकाची मूठ दातांत धरली. "मोड," म्हणाले. मी त्यांचे खांदे दाबून धरले.

त्यानंतर तीन महिने आपा रोज सकाळी मोडलेली जागा चाचपत. हाडाच्या जोडावर गाठ धरली होती, पण मऊ. काका घोड्याचं नावही काढेनासे झाले. मला माझीच लाज वाटायची.

बर्फ पडल्यावर एका सकाळी आपांचा अंगठा थांबला. त्यांनी जोर लावून दाबलं. गाठ दगडासारखी घट्ट होती.

"दुखतंय?"

"नाही."

आपा उठल्या, मेंढ्यांच्या गोठ्यात गेल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. आवाज आत येत होता.

काका पांढरे पडले. "नाही जुळलं का रे?"

"उठून बघा," मी म्हटलं.