हाक न मारणारी

माझी आजी कुणालाही हाक मारायची नाही. आम्ही पोरं खाली खेळत असलो आणि जेवायची वेळ झाली, की बाकीच्यांच्या आया गॅलरीतून ओरडायच्या. आजी मात्र दुखरे गुडघे घेऊन तीन मजले उतरायची, माझ्यामागे येऊन उभी राहायची आणि खांद्यावर हात ठेवायची. "चल बाय, भात निवतो." हाताला कोळंबीचा वास असायचा. हात लागायच्या आधीच ती आल्याचं मला कळायचं.

कोळणीच्या घरात हे जरा चमत्कारिकच. पनवेलच्या बाजारात ती पाटी घेऊन बसायची, तिथं प्रत्येकीचा आवाज दुसरीच्या वर. आजी गप्प. शेजारी बसणारी पारूमावशी तिला डिवचायची, "ए मुके, वरड की जरा! तुजी मांदेली काय सोताच गिऱ्हाइकाला हाक मारनार हाय?" आजी माशांवर पाणी शिंपडत म्हणायची, "माज्या म्हावऱ्याला डोले हायत. लोकांनाबी हायत." त्यावर पारूमावशीच सगळ्यांत मोठ्यानं हसायची आणि आपल्या मासळीबरोबर आजीचीही ओरडून विकून टाकायची.

मला वाटायचं, आजी माझ्यासारखी आहे. शाळेत हजेरीला माझं 'प्रेझेंट मिस' बाईंपर्यंत पोचायचं नाही. वर्गातल्या मुली फाडफाड इंग्रजी बोलायच्या. मला उत्तर येत असायचं, पण हात वर व्हायचा नाही. घरी पाहुणे आले की मी स्वयंपाकघरात पळायचे. तिथं आजी आधीच लसूण सोलत बसलेली असायची. "आमी दोगी घुम्या," ती म्हणायची आणि माझ्यापुढे चार पाकळ्या सरकवायची. मला बरं वाटायचं. आपल्याला हे कुणाकडून तरी मिळालंय, आपण एकट्याच अशा नाही.

गेल्या वर्षी सीमेवर तणाव वाढला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, संध्याकाळी सरावासाठी ब्लॅकआउट, सगळ्यांनी दिवे बंद ठेवावेत. आईबाबा गंमत बघायला गच्चीवर गेले. मी आजीजवळ बसले. घरात काळोख झाल्यावर ती हसली. म्हणाली, "पासष्टच्या लढाईत आमच्या कोलीवाड्यात असाच कालोख असायचा. चुलीचा इस्तूसुद्दा भायेर दिसाय नको. पोलीस काठी आपटीत फिरायचं. आमी पोरं इमान बगायला आभालात मान वर करून बसायचो. मान मोडली, इमान काय आला नाय."

आजीचं माहेर उरणजवळ, खाडीच्या तोंडाशी. बाहेरून येणाऱ्या होड्यांना वाट दिसावी म्हणून बंदरावर रोज कंदील टांगलेला असे. लढाईत तोही बंद झाला. एका संध्याकाळी वारा उठला. आजीचा बा आणि मामा होडी घेऊन बाहेर होते. तिची आई तिला किनाऱ्यावर घेऊन गेली.

"माजा आवाज लय तिखट. आय बोलली, वरड, तुजा बा आयकंल. मंग मी वरडत ऱ्हायले."

होडी बाजूच्या खडकावर फुटली. मामा पोहत आला. बा आला नाही.

मामा गावभर सांगत फिरला, की पोरीची हाक ऐकली, तिच्यावरच होडी वळवली. लोक येऊन तिच्या गालावरून हात फिरवायचे. केवढी गुणी पोर, बापाला शेवटची हाक दिली. "माजं लय कौतुक झालं," आजी म्हणाली. मामाच्या बोलण्याचा अर्थ तिला कळला तो मोठी झाल्यावर. वाऱ्यानं तिची हाक बाजूला नेली होती, खडकांच्या अंगाला. बा हाकेच्या मागे गेला.

"दिवा असता तं जाग्यावं असता. हाक वाऱ्यावं जाते, बाय."

म्हणजे ती माझ्यासारखी नव्हतीच. तिखट आवाजाची मुलगी होती ती. काळोखात मी तिचा हात धरला आणि म्हणाले, "आजी, आपल्या घरात कुठे आहे वारा? मला हाक मारत जा."

"बगू," ती म्हणाली.

त्यानंतरही ती भिंतीला धरून माझ्या खोलीपर्यंत यायची आणि खांद्यावर हात ठेवायची. मी पुन्हा विषय काढला नाही.

या हिवाळ्यात एका दुपारी ती बाथरूममध्ये पडली. आईबाबा कोन गावाला साखरपुड्याला गेले होते, मी ऑफिसात. संध्याकाळी मी दार उघडलं तेव्हा तिचा श्वास चालू होता. हॉस्पिटलमध्ये तिसऱ्या दिवशी ती गेली. शुद्धीवर आलीच नाही. भेटायला येणारे म्हणायचे, पडल्या पडल्याच शुद्ध गेली असेल, त्रास झाला नसेल. नाहीतर हाक नसती का मारली? ती हाक मारणारी नव्हती, हे मला माहीत होतं.

दहावं झाल्यावर तळमजल्यावरच्या काकू आल्या. चहाचा कप त्यांनी तसाच खाली ठेवला. मग बाबांना म्हणाल्या, "त्या दुपारी मला ऐकू आलं होतं हो. बाथरूमच्या डक्टमधून. 'बाय, ए बाय' असं कुणीतरी हाका मारत होतं. मी धावले वर. दुसऱ्या मजल्यावर जाऊन दार वाजवलं, तर त्यांच्याकडे सगळं ठीक. मग वाटलं, रस्त्यावरून येत असेल."

"दुसऱ्या मजल्यावर?" बाबांनी विचारलं. "आमच्याकडे का नाही आलात?"

काकू रडायला लागल्या. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजीनं माझं ऐकलं होतं. जन्मात एकदा तिनं मला हाक मारली होती आणि ती कशी होती हे मला माहीत नव्हतं.

"आवाज कसा होता?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काकूंनी पदरानं डोळे पुसले.

"लहान मुलीचा गं. अगदी लहान मुलीचा. म्हणून तर दुसऱ्या मजल्यावर गेले. त्यांच्याकडे लहान मुलगी आहे ना."