बसून खाल्लेलं भरीत

मंजुळाबाईला रिकामं बसता येत नसे. धरणगावपासून कोसभर आत असलेल्या त्या गावात हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. स्वतःच्या लग्नात अंगाला हळद लागत असताना ती शेजारच्या परातीतल्या अक्षतांचे खडे वेचत होती, असं तिची नणंद अजून सांगते. एस.टी.त बसली तर शेजारणीच्या पिशवीतली मेथी निवडून द्यायची. मयताच्या घरी भेटायला गेली, तर रडता रडता त्यांच्या भुईमुगाच्या शेंगा फोडून यायची. कापूस वेचायला बायांची टोळी न्यायचं काम तिचं. टोळी बांधावर पाणी प्यायला टेकली, तरी हिची बोटं ओटीतल्या कापसातली वाळकी पत्ती काढतच असत.

अशा बाईनं चुलीला हात न लावता दिवसभर बसून राहायची पैज घेतली, म्हणजे गावाला करमणूकच झाली.

त्याचं मूळ होतं भरितात. थंडी पडली की गावातले गडी तापीच्या काठी भरीत पार्टीला जात. मंजुळाबाईचा नवरा भाईदास त्यात सगळ्यांच्या पुढे. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हिरवी, जाडजूड वांगी भाजायची, साल काढून लाकडी बडगीत ठेचायची, नदीत डुंबून यायचं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांबरोबर चापून खायचं. संध्याकाळी भाईदास ओट्यावर पाय पसरून सांगे, "भरीत करानं ते माणससनीच. बायासना हातले ती चव नही."

मंजुळाबाई ऐकून घेई आणि त्याच्या सदऱ्यावरचे तेलाचे डाग घासायला बसे.

सत्त्याऐंशी साली शेवटची वेचणी झाली, उलंगवाडी झाली, शेतं मोकळी झाली. तेव्हा टोळीनं ठरवलं, आपणही जाऊ तापीवर. टोळीतल्या सकीनाचा मुलगा गफूर कापूस वाहायची मॅटाडोर चालवायचा, त्यामुळे गाडी घरचीच. बाया गेल्या. तिथं पीठ मळलं, वांगी भाजली, पुऱ्या तळल्या, भांडी घासली, आणि परत येऊन घरोघरी संध्याकाळच्या भाकरी टाकल्या. दुसऱ्या दिवशी मंजुळाबाईची जिवाची मैत्रीण द्रौपदाबाई पाण्याला निघाली होती. बुद्धविहाराच्या कोपऱ्यावर ती थांबली आणि म्हणाली, "मंजुळा, आपण सहलले नही गऊत वो. चूलले हिंडाई लई उनूत."

हे मंजुळाबाईला लागलं. वर्षभर तिनं ते पोटात ठेवलं. पुढच्या उलंगवाडीला भाईदास आणि त्याचा दोस्त गिरधर ओट्यावर तंबाखू मळत बसले होते. ही तांदूळ पाखडत म्हणाली, "आवंदा आमनी सहलमा रांधाले तुम्ही येवा. बायासना हात चूलले लागाव नही."

गिरधरची तंबाखू सांडली. "वहिनी, तुम्ही बठी ऱ्हाशात? आते बी सूप सुटेल नही तुमना हातनं."

भाईदासला चेव आला. "लाव पैज. एक बी बाई चूलकडे ऊठी, ते पुढला सालपाईन तुमनी सहल बंद. घर बसीसन आमना पार्टीन्या पुऱ्या करा."

"आनि नही ऊठी ते?"

"ते दरसाल आम्ही रांधसूत."

सुपातले तांदूळ एकदा वर उडाले नि खाली आले. "बरं," मंजुळाबाई म्हणाली.

बाकीच्या बायांची तिला फिकीर नव्हती. त्या आयत्या जेवायला एका पायावर तयार होत्या. भीती होती ती स्वतःच्या हातांची.

त्या दिवशी मॅटाडोर तापीवर पोचली, तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. गड्यांनी वांग्याची गोणी, तेलाचा डबा, कळण्याचं पीठ, मिठाची पुडी, मिरच्या आणि कांद्याची पात उतरवली. बाया पाण्याकडे पळाल्या. द्रौपदाबाईचं माहेर नशिराबादेकडचं, वाघूर नदीच्या काठचं, म्हणून ती पाण्यात माशासारखी. पदर कमरेला खोचला आणि पलीकडच्या काठाला गेली. येताना ओटीत बोरं भरून आणली. अर्धी नदीनं खाल्ली, अर्धी बायांनी. वाळूत फुगड्या झाल्या. पन्नाशीची सकीना चिंचेच्या खालच्या फांदीला लोंबकळली आणि फांदीसकट खाली आली. बाया पोट धरून हसल्या. सकीनाही हसली आणि कंबर चोळत म्हणाली, "फांदीच कच्ची व्हती."

मंजुळाबाई नदीकडे तोंड करून वाळूत बसली होती. पाठीमागून भाजलेल्या वांग्याचा वास आला. वास खरंच फर्मास होता. गड्यांना भाजता येत होतं, यात शंका नाही. मग बडगीत दणादण ठेचण्याचा आवाज आला. आणि मग सगळं गप झालं.

"डबा कोठे शे रे?" भाईदासचा आवाज.

"कोणता डबा?" गिरधर म्हणाला.

"अरे तो, भरीतना. दरसाल ऱ्हास तो."

"माले काय माहीत? मी गाडी चालवस," गफूर म्हणाला.

मंजुळाबाईची पाठ ताठ झाली. डबा कुठं असणार? दरसाल पार्टीच्या पहाटे उठून ती लसूण-मिरची भाजून ठेचायची, शेंगदाणे तळायची, सगळी फोडणी तयार करून डब्यात भरायची, पुऱ्यांचं पीठ मळून ओल्या फडक्यात बांधून द्यायची. गड्यांनी तापीवर जाऊन तो डबा बडगीत पालथा करायचा, की झालं त्यांचं भरीत. इतकी वर्षं पालथं करणं म्हणजेच रांधणं, असं भाईदासला मनापासून वाटत आलं होतं. त्यात लबाडी नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

लसूण तर कोणी आणलाच नव्हता.

मागं पीठ मळायला सुरुवात झाली. आधी पाणी जास्त झालं, मग पीठ, मग परत पाणी. मंजुळाबाईनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. तेल तापून धूर सुटल्याचा वास आला, तशी ती कण्हली. द्रौपदाबाई तिला खेटून बसली.

तेवढ्यात भाईदास नदीकडे बघत, जसं काही पाण्यालाच विचारतोय अशा आवाजात म्हणाला, "तेलमा पहिलं काय टाकतस?"

मंजुळाबाईचं तोंड उघडलं.

"सांगी दे," द्रौपदाबाई हळूच म्हणाली. "पैज हातनी शे, जीभनी नही."

"सांगाले लागनी ते ऊठी पडशी," सकीना म्हणाली. "मी वळखस तुले."

मंजुळाबाईनं उघडलेल्या तोंडात बोर टाकलं. मग दुसरं. भाईदासला उत्तर म्हणून पाण्यात नुसत्या बिया पडल्या.

मग पहिली पुरी कढईत पडली. तेल फसकन उडालं आणि गफूर "अम्मा" करून ओरडला. सकीना एका गुडघ्यावर उठलीच. गड्यांच्या माना इकडे वळल्या. गिरधरच्या तोंडावर तर हसू यायला लागलं होतं. मंजुळाबाईनं जागेवरूनच हाक दिली, "गफूर, आठे ये! पाणीमा घाल हात!"

गफूर पळत नदीवर आला. सकीनानं त्याचा हात पाण्यात बुडवला, फुंकर मारली, फोड नाही असं पाहिलं आणि मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. चूल होती तिथं राहिली, हात इकडे आला. गिरधरचं हसू अर्ध्यातच राहिलं.

जेवायला दुपार कलली. भरीत म्हणजे ठेचलेलं वांगं, वरून तेल आणि पात. मीठ एका घासाला खच्चून, दुसऱ्याला नाहीच. मिरच्या कच्च्याच, चावून खायच्या. पुऱ्या ओढल्या तर लांब होत होत्या. पण बाया दिवसभर पाण्यात होत्या, भुकेनं कासावीस. त्यांनी बडगी पुसून खाल्ली. आयतं वाढलेलं ताट, तेही गड्यांनी वाढलेलं, कित्येकींनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

भाईदास समोर उकिडवा बसून होता. त्यानं विचारलं, "कसं शे?"

मंजुळाबाईनं घास गिळला. "वांगं चांगलं भाजेल शे," ती म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं.

निघताना गिरधरनं बडगी घासली, ती अशी, की तळाला अजून काळं लागलेलं होतं. मॅटाडोरमध्ये बडगी मंजुळाबाईच्या पायाशीच ठेवली होती. धरणगाव येईपर्यंत तिची नजर त्या काळ्यावरून हटली नाही. घासायला ओढ घेणारा तिचा हात द्रौपदाबाईनं मनगटाला धरून ठेवला होता.

सहल पुढं दरसाल झाली. टोळीत नव्या बाया आल्या, गफूरनं मॅटाडोर विकून ट्रॅक्टर घेतला, बाया ट्रॉलीतून जाऊ लागल्या. पण गावात ऐकायला मिळते ती गोष्ट पैजेच्या पुढच्याच वर्षाची.

सहलीच्या आठवडाभर आधी भाईदास स्वयंपाकघरात आला. हात शेकायचं निमित्त करून चुलीमागे उभा राहिला. मंजुळाबाई फोडणी देत होती.

"हाई काय टाकं आते?"

"मोहरी."

"मंग?"

"मंग दम धरना पडस. तडतडू दे."

तो वाकून बघत राहिला. तडतडल्यावर तिनं जिऱ्याची नि ठेचल्या लसणाची वाटी त्याच्या हातात दिली, उचटणं दिलं आणि बाजूला होऊन पाटावर बसली. त्यानं वाटी तेलात पालथी केली.

हात कुठं ठेवायचे हे तिला अजून उमगलं नव्हतं. तिनं ते मांडीखाली घातले आणि म्हणाली, "लसूण करपी ऱ्हायना. हलाव."